‘पाठवला’ असं दिसणारे निरोप

माझी आई रनाळ्याला असते. गल्लीत कोणी विचारलं की ती सांगते, "मन्ही पोर कॉम्प्युटर दुरुस्त करस." मी तिला बरेचदा सांगून पाहिलं, की कॉम्प्युटर उघडून मी आजवर एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. त्यावर ती विचारते, "मंग तू करस काय वं दिनभर?"

प्रश्न रास्त आहे. आधी पुण्यातल्या ऑफिसात आणि आता शहाद्याच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून मी जे करते, ते दिसत नाही. वेबसाइटा आणि त्यांच्यामागे चालणारे प्रोग्राम बिघडले की ते का बिघडले हे मी शोधते. शोधायला दिवस जातो. सापडलं की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते. त्यामुळे मी दिवसभर काय केलं असं कोणी विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे ती एक ओळच असते.

या बिघाडांमधला एक प्रकार मला फार ओळखीचा आहे. प्रोग्राम एकदाच लिहितात, पण तो वेगवेगळ्या मशीनवर चालतो. कुठल्या मशीनवर माहिती कुठे ठेवली आहे, तिथला पासवर्ड काय, मेसेज कुठल्या कंपनीतर्फे पाठवायचे, हे सगळं प्रोग्रामच्या आत लिहीत नाहीत. ते बाहेर ठेवतात आणि प्रोग्राम सुरू होताना त्याच्या कानावर घालतात. याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना एकदाच ऐकून घेतो. त्या वेळी कानावर पडलं नाही, तर पुढे तो आपल्या समजुतीने चालत राहतो. माणसाचंही तसंच असतं, पण माणूस निदान "काय म्हणालात?" असं विचारतो तरी.

नंदुरबारच्या मिरची बाजारातले एक शेठ माझे जुने ग्राहक. घराणं मूळचं राजस्थानचं. घरात मारवाडी, पेढीवर अहिराणी. त्यांनी ऑर्डर घेण्यासाठी वेबसाइट करून घेतली होती. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, दुकान उघडं शे आन् वेबसाइट बंद शे. काय करू मी?"

विचारता विचारता कळलं, की पुतण्याने आदल्या दिवशी पासवर्ड बदलला होता. कोणालाही ओळखता येऊ नये म्हणून त्याने मधोमध जाळीसारखं दिसणारं हॅशचं चिन्ह (#) घातलं होतं. आता पासवर्ड ज्या फायलीत लिहून ठेवतात, तिथे हॅश आलं की पुढचं सगळं नुसती टीप समजून सोडून द्यायचं, असा तिथला नियम. प्रोग्रामने अर्धाच पासवर्ड वाचला होता. मी दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली, प्रोग्राम बंद करून सुरू केला, वेबसाइट उघडली.

"म्हंजे त्यानी आर्धंच वाचं?" शेठ म्हणाले. "मन्हा पुतण्याबी आर्धंच ऐकस. दोन्हींनं बरं जमनं."

नंतर किती तरी दिवस ते बाजारात सांगत होते, की ताईने चार ठिपके लावले आणि वेबसाइट चालू. मला ते आवडलं. माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन ऑफिसातल्या कुठल्या साहेबानेही केलं नव्हतं.

पण जे लिहायचं म्हणून मी बसले आहे ते वेगळं आहे. तिथे बंद काहीच पडलं नव्हतं. सगळं चालू दिसत होतं, हीच अडचण होती.

आमच्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरची पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहतात. डोंगरात फोनला रेंज कुठे असते, कुठे नसते. उसाच्या फडातल्या माणसाचा फोन कधी चार्ज असतो, कधी नसतो. म्हणून तिथे काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने निरोपांची एक सोय केली होती. काठी गावाच्या पुढे, जिथे बऱ्यापैकी रेंज येते अशा एका पाड्यावर त्यांचं केंद्र आहे. तिथे येऊन आपल्या भाषेत निरोप बोलायचा. तो रेकॉर्ड होतो. मग प्रोग्राम तिकडच्या फोनवर कॉल करतो, नाही लागला तर पुन्हा पुन्हा करत राहतो, आणि उचलला की निरोप ऐकवतो. ऐकणाऱ्याने एक बटण दाबलं की त्याला तिथल्या तिथे उत्तर बोलता येतं. साधा फोन असला तरी चालतं आणि लिहिता-वाचता यावं लागत नाही. हे ज्याने बनवलं तो तरुण पुढे दुसऱ्या नोकरीवर गेला आणि देखभाल माझ्याकडे आली.

केंद्र रुमाली सांभाळते. तिशीची असेल. घरी भिली बोलते, माझ्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. एका दुपारी तिचा फोन आला.

"ताई, निरोप जातात ना?"

मी माझ्या पडद्यावर पाहिलं. प्रत्येक निरोपापुढे हिरव्या अक्षरात ‘पाठवला’ असं होतं. "जातात की," मी म्हणाले.

"उत्तरं येत नाहीत. आधी यायची. काल एक माणूस गुजरातहून परत आला. त्याच्या बापाने इथे दर बाजाराला निरोप बोलला होता. तो म्हणतो, मला एकसुद्धा कॉल आला नाही."

"फोन बंद असेल त्याचा."

"मला पण तसंच वाटलं होतं," रुमाली म्हणाली. "पण सगळ्यांचेच फोन कसे बंद असतील?"

मी शोधायला बसले. फोन कंपनीच्या खात्यात गेले तर तिथे मध्येच एका तारखेपासून एकही कॉल नव्हता. त्याच सुमारास सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने आमचं सगळं जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवलं होतं. मी नव्या मशीनवर शिरले आणि विचारलं, फोन कंपनीची किल्ली, म्हणजे त्यांच्यातर्फे कॉल करू देणारा परवलीचा शब्द, आहे का? मशीनने किल्ली दाखवली. खरे कॉल करायचे की नुसती चाचणी? मशीन म्हणालं, खरे. सगळं जागच्या जागी होतं. अर्धा दिवस मी फोन कंपनीशी वाद घालण्यात घालवला. तिथली मुलगी बिचारी सांगत राहिली, "मॅडम, तुमच्याकडून आमच्याकडे काही येतच नाहीये."

चहा करायला उठले तेव्हा लक्षात आलं, की मी मशीनला विचारते आहे, पण कॉल मशीन करत नाही, प्रोग्राम करतो. चालू असलेल्या प्रोग्रामला काय काय सांगितलं गेलं होतं, ते थेट पाहण्याची सोय असते. मी तिथे पाहिलं. ना किल्ली, ना ‘खरे’. त्याच्या कानावर काहीच पडलेलं नव्हतं.

झालं होतं असं. त्या तरुणाने ही सगळी माहिती स्वतःच्या नावाने मशीनवर शिरलं की वाचली जाईल अशा ठिकाणी ठेवली होती. तो शिरायचा, हाताने प्रोग्राम सुरू करायचा, माहिती आपोआप प्रोग्रामला मिळायची. त्याच नावाने मीही शिरत होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. पण मशीन हललं, बंद होऊन सुरू झालं, तेव्हा प्रोग्राम कोणा माणसाने सुरू केला नव्हता. मशीनने आपणहून केला होता. मशीन कोणाच्या खासगी फायली वाचत नाही. रात्रीच्या वॉचमनच्या कानात सांगितलेलं दिवसाच्या वॉचमनला कसं कळणार?

आणि माहिती मिळाली नाही तर काय करायचं, हेही त्या तरुणाने लिहून ठेवलं होतं: चाचणी चालली आहे असं समजायचं. चाचणीत कॉल करायचा नाही, नुसतं ‘पाठवला’ लिहायचं. मी त्याला दोष देत नाही. बनवताना चुकून खऱ्या माणसांना कॉल जाऊ नयेत म्हणून त्याने ही काळजी घेतली होती. पण त्या काळजीमुळे कित्येक आठवडे डोंगरातली म्हातारी माणसं चालत येऊन, बाकावर बसून, घसा साफ करून बोलत होती आणि ते कुठेही जात नव्हतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं, की पोरं ऐकतात पण उत्तर देत नाहीत.

दुरुस्ती नेहमीसारखीच छोटी होती. माहिती एका फायलीत लिहिली, मशीनला सांगितलं की प्रोग्राम सुरू करताना ही फाइल वाच, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. स्वतःच्या फोनवर एक निरोप पाठवून पाहिला. फोन वाजला. माझाच आवाज मला ऐकू आला.

आता अडकलेले निरोप उरले. ते सगळे परत रांगेत लावायला एक ओळ पुरेशी होती. ती मी लिहिलीसुद्धा. मग बटणावरचा हात उचलला आणि रुमालीला फोन लावला.

"मी सगळे एकदम सोडू शकते," मी म्हणाले. "पण त्यात काय काय बोललंय ते मला माहीत नाही. मी ऐकणार नाही, आणि ऐकलं तरी मला भाषा कळत नाही. जुने झालेत. चालेल का?"

"एका काकांनी विचारलं होतं, बैल विकू का म्हणून. तो विकून टाकला त्यांनी. आता पोराने तिकडून ‘नका विकू’ म्हटलं तर काय?" रुमाली म्हणाली. "आणि जातरीबाईचे आहेत."

जातरीबाई कोण, ते तिने सांगितलं. नवरा वारलेला, एकच मुलगी, इंदू. इंदूला पहिल्यांदाच दिवस गेले होते. आईचं म्हणणं, तू या वर्षी जाऊ नकोस. पण ऊसतोडीला नवराबायकोची जोडी धरतात. इंदू गेली नसती तर नवऱ्यालाही कोणी नेलं नसतं. ती गेली. दोघींचं भांडण झालं आणि गाडी निघाली तेव्हा जातरीबाई घरातून बाहेरही आली नाही. नंतर मात्र ती दर बाजारच्या दिवशी केंद्रावर येऊ लागली.

"सुरुवातीचे निरोप चांगले होते," रुमाली म्हणाली. "मी शेजारीच बसायचे ना. मग उत्तर येईना, तशी ती चिडत गेली. शेवटचा तर... तू येऊच नकोस, मला मुलगी नाही, असं बोलली. त्यानंतर आली नाही."

मी लिहिलेली ओळ खोडून टाकली. ठरलं असं, की रुमाली प्रत्येकाला विचारेल. निरोप परत ऐकवायचा, आणि ज्याचा त्याने सांगायचं, हा जाऊ दे की राहू दे. ती पाड्यापाड्यावर फिरली. बैलवाल्या काकांनी तो निरोप काढायला सांगितला आणि म्हणाले, बरं झालं पोराने ऐकलं नाही. एका आजीला आपण काय बोललो होतो तेच आठवेना. ऐकून ती खूश झाली आणि म्हणाली, पाठव, छान बोललेय. आमचे बहुतेक निरोप असेच मार्गी लागले.

जातरीबाई मात्र केंद्रावर यायला तयार नव्हती. रुमाली तिच्या घरी गेली, तेव्हा ती मोहाच्या झाडाखालचा पाचोळा झाडत होती. फुलं गळायला लागायच्या आधी तिथली जागा साफ करून ठेवतात. रुमालीने तिला सांगितलं, इंदूला तुझा एकही निरोप मिळालेला नाही. तिचा विश्वास बसला नाही. कॉम्प्युटर ‘पाठवला’ म्हणाला होता, असं ती म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच केंद्रावर आली. रुमालीने मला फोन लावून स्पीकरवर ठेवलं.

जातरीबाई काहीतरी बोलली. आवाज बारीक पण ठाम होता.

"ती विचारते, खरंच गेले नाहीत का," रुमालीने मराठीत सांगितलं.

"नाही गेले," मी म्हणाले. "एकही नाही. इंदूने ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं नाही. तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही."

तिकडे एक कोंबडा ओरडला. मग जातरीबाईने सगळे निरोप ऐकायला मागितले. तिचाच आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता. शब्द कळत नसले तरी सुरुवातीचे निरोप मऊ होते हे कळत होतं, आणि शेवटचा कसा होता तेही.

"कुठले पाठवू, विचार तिला," मी म्हणाले.

दोघींचं बोलणं झालं. "कुठलाच नको म्हणते," रुमाली म्हणाली. "म्हणते, ते आता शिळे झाले. नवीन बोलते."

नवीन निरोपात ती काय बोलली, ते रुमालीने मला नंतर जातरीबाईला विचारूनच सांगितलं. शेळीला दोन पिल्लं झाली. खाटेची दोरी मी नव्याने विणली. होळीला लोक येतायत, तू पण ये. आली की जाऊ नकोस. बस, एवढंच. भांडणाचा एक शब्द त्यात नव्हता.

तो निरोप मी स्वतः रांगेत जाताना पाहिला. कॉल लागला नाही. पुन्हा गेला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी दुसरी कामं होती, पण मी अधूनमधून तो पडदा उघडून बघत होते. इतक्या वर्षांत हजारो मेसेज पाठवणारे प्रोग्राम मी सांभाळले. एका कॉलसाठी अशी बसले नव्हते. प्रोग्रामला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मिळालं की माझं काम संपतं. तिकडचा फोन चार्ज करणं काही माझ्या हातात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘पाठवला’च्या जागी ‘ऐकला’ असं आलं. पाठोपाठ उत्तर आलं. मी रुमालीला कळवलं, आणि ती जातरीबाईला घेऊन येईपर्यंत ते उत्तर तसंच ठेवलं. संध्याकाळी रुमालीचा फोन आला.

"इंदू रडत होती त्यात," ती म्हणाली. "म्हणते, आई, मला वाटलं तू बोलायचंच नाही असं ठरवलंस. म्हणून आम्ही होळीला पण यायचं नाही ठरवलं होतं. आता येतो."

"जातरीबाई काय म्हणाली?"

"शेळीला पाला आणायचा राहिला म्हणाली आणि उठून गेली."

होळीआधी दोघं आली. काठी गावची मोठी होळी झाली, तिकडून लोक परत ऊसतोडीला गेले, इंदूचा नवराही गेला. इंदू राहिली. तिला मुलगी झाली.

दरम्यान मी प्रोग्राममधली ती समजूत काढून टाकली. आता सुरू होताना माहिती मिळाली नाही तर तो सुरूच होत नाही. लाल अक्षरात काय मिळालं नाही ते सांगतो आणि थांबतो. शिवाय रोज सकाळी रुमालीच्या फोनवर एक खरा कॉल जातो. तो आला नाही की ती मला लगेच विचारते. आणि ‘पाठवला’ हा शब्द मी काढला. कॉल लागेपर्यंत आता तिथे ‘वाटेत’ असं दिसतं.

हे सगळं केंद्रावर बसवून द्यायला मी वर गेले होते. मोलगी गावाच्या पुढे रस्ता डोंगराला वळसे घेत जातो. केंद्रावरचं काम झाल्यावर रुमाली म्हणाली, "चला, जातरीबाईने बोलावलंय."

घरात इंदू खाटेवर बाळाला घेऊन बसली होती. जातरीबाई चुलीपाशी होती. मला तिने पाणी दिलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. फोनमधली बाई ही, असं काहीसं. थोडा वेळ बाळाचं बोलणं झालं. मग इंदूने मला मराठीतच विचारलं. ती आश्रमशाळेत शिकलेली.

"आईने आधी पण निरोप बोलले होते म्हणे. ते आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हणाले. "पण ते तुझ्या आईचे आहेत. ती हो म्हणाली तरच."

इंदूने आईला विचारलं. जातरीबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली. मग पाठमोरीच राहून एक शब्द बोलली. रुमालीने मान डोलावली आणि आपला फोन काढला. निघताना तिने सगळे निरोप त्यावर उतरवून घेतले होते, बहुधा असं होणार हे ओळखूनच.

तिने नेमका शेवटचा आधी लावला. चुकून की काय, मी विचारलं नाही. तो कडक आवाज त्या छोट्या खोलीत आला आणि मी अवघडून जमिनीकडे पाहू लागले. पण इंदू हसायला लागली. इतकी की मांडीवरचं बाळ दचकलं. "ती अशीच बोलते," ती मला म्हणाली. "लहानपणापासून महिन्यातून एकदा मला घराबाहेर काढते."

मग रुमालीने पहिल्यापासून लावले. इंदूचं हसू हळूहळू थांबलं. पहिल्या निरोपाला ती मान खाली घालून ऐकत होती. दुसऱ्याला तिने पदर डोळ्यांना लावला. आत आईचा मऊ आवाज बोलत होता, मला न कळणारं काहीतरी सांगत होता. जातरीबाई उठली, तिने इंदूच्या मांडीवरून बाळाला उचललं आणि ओट्यावर जाऊन बसली. आतला आवाज चालूच होता. तिसरा निरोप सुरू झाला तेव्हा तिने बाहेरून काहीतरी म्हटलं. रुमालीने लगेच फोन बंद केला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, ते आता कशाला ऐकता? मी इथेच बसलेय ना."